बाहेरचा सायलेन्सर बसवलेल्या गाडीचा आवाज बदलला? बिघाड कुठं आहे ते असं ओळखा

हुडकेश्वर (नागपूर) : उमरेड, कुही, भिवापूरकडून नागपूरला येणाऱ्या गाड्यांमध्ये आता कंपनीचा सायलेन्सर काढून बाहेरचा बसवलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात. काही पोट्ट्यांनी हौसेनं बसवला. काहींचा कंपनीचा सडला म्हणून वेल्डिंगवाल्याकडून स्वस्तातला लावून घेतला. आणि बऱ्याच जणांनी जुनी गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकानं लावलेलाच होता. सायलेन्सर कसाही आलेला असो, पुढं प्रश्न एकच पडतो. गाडी कालपर्यंत एका सुरात वाजत होती, आज वेगळीच वाजून राहिली. घाबरायचं की चालू द्यायचं?

कंपनीचा सायलेन्सर असला की आवाज जरा वाढला तरी लगेच कानाला कळतं. बाहेरचा असला की गाडी मुळातच मोठ्यानं बोलते, म्हणून बिघाडाचा आवाज त्यात लपून जातो. "हिचा आवाज असाच आहे" म्हणून माणूस महिनोन् महिने फिरतो. म्हणून अशा गाडीत आवाज किती मोठा आहे याच्यापेक्षा तो कधी बदलला, कोणत्या वेळी बदलतो आणि कसा बदलला याला महत्त्व आहे. आवाजावरून बिमारी ओळखणं आपल्याला नवीन नाही. विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा ठोका चुकला की धुऱ्यावर बसलेला माणूस तिथूनच सांगायचा, डिझेलमध्ये हवा आली म्हणून. गाडीचंही तसंच आहे, फक्त भाग जास्त आहेत.

धूर जातो कुठून

इंजिनातून जळालेला गॅस आधी मॅनिफोल्डमध्ये येतो. मॅनिफोल्ड म्हणजे प्रत्येक सिलिंडरची नळी एकत्र करणारा भाग. तिथून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला मिस्त्री लोक नुसती 'जाळी' म्हणतात. मग रेझोनेटर नावाचा छोटा डबा, मग मोठा डबा म्हणजे मफलर, ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो, आणि शेवटी टेलपाइप. मधल्या जोडांवर गॅसकेट असतात, आणि अख्खी लाइन रबरी कड्यांवर गाडीच्या पोटाला टांगलेली असते. बऱ्याच गाड्यांत मध्ये एक जाळीदार लवचिक नळीही असते, इंजिन हललं तरी पाइप तुटू नये म्हणून.

कंपनीच्या मफलरमध्ये कप्पे असतात. आवाज एका कप्प्यातून दुसऱ्यात आदळत जातो आणि दमतो. बाहेरच्या बऱ्याच मफलरमध्ये मात्र सरळ भोकाभोकाची नळी असते आणि तिच्याभोवती काचेची नाहीतर स्टीलची वूल भरलेली असते. आवाज वूलमध्ये शोषला जातो. हा फरक लक्षात ठेवा, पुढं कामी येईल.

आधी पाहा, आवाज सायलेन्सरचाच आहे का

अर्धे लोक इथंच चुकीच्या खर्चात पडतात. गाडी मोकळ्या जागी उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि दुसऱ्या माणसाला हळूहळू रेस द्यायला सांगा. उभ्या गाडीत रेससोबत तो आवाज येत असेल तर इंजिन किंवा सायलेन्सरच्या लाइनीत शोधा. उभ्या गाडीत येतच नाही, फक्त पळताना घुं-घुं येतो आणि गिअर काढून गाडी सोडली तरी वेगासोबत चालूच राहतो, तर तो बहुतेक चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा आहे. सायलेन्सर बदलून तो जाणार नाही.

आवाज पुढून, बोनेटखालून, हवा ओढल्यासारखा येत असेल तर एअर फिल्टरचा डबा नीट बसलाय का पाहा. सर्व्हिसिंगनंतर एक क्लिप उघडी राहिली की गाडी एकदम जोरात श्वास घेतल्यासारखी वाजते आणि माणूस मागं सायलेन्सर पाहत बसतो. गाडी उभी असताना अख्खी बॉडी थरथरते, एसी लावला की जास्तच, आणि जरा रेस दिली की थांबते, असं असेल तर इंजिन माउंटिंगवर संशय घ्या.

थंड गाडी आणि गरम गाडी

सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर आवाज मोठा येतो, त्यात काही बिघाड नाही. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त फेऱ्यांवर चालवतो, काटा हजाराच्या बराच वर असतो. मिनिटा-दोन मिनिटांत तो खाली येतो आणि आवाजही उतरतो. टेलपाइपमधून पाणी टपकतं तेही चांगलंच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाण्याची वाफ तयार होते, थंड पाइपात तिचं पाणी होतं. मात्र रोज किराण्यापुरती दोन-तीन किलोमीटर गाडी फिरवली तर हे पाणी कधी सुकतच नाही आणि सायलेन्सर आतून गंजतो. बाहेरून रंग चकाचक, आतून पापड. हे साध्या लोखंडी पत्र्याच्या सायलेन्सरला लवकर होतं, स्टेनलेसला उशिरा.

आता खरी खूण. थंड गाडीत इंजिनाजवळून टिक-टिक, चक-चक असा आवाज येतो, रेस दिली की वेगानं येतो, आणि दहा मिनिटं गाडी चालली की कमी होतो किंवा बंद होतो. मॅनिफोल्डचं गॅसकेट गेलं असलं, एखादा स्टड तुटला असला किंवा मॅनिफोल्डलाच बारीक तडा असला की असं होतं. धातू तापला की फुगतो आणि फट बुजते, म्हणून आवाज जातो. लोकांना वाटतं गाडी आपोआप बरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ठोका परत.

बाहेरचा सायलेन्सर बसवल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत असं व्हायला लागलं तर आधी लाइनीचं वजन पाहा. जड पाइप लावला आणि टांगणीच्या रबरी कड्या जुन्याच ठेवल्या, तर अख्खा भार पुढच्या जोडावर येतो. आपल्या पांदण रस्त्यांवर तर प्रत्येक दणका तिथंच बसतो.

हा लीक छोटा वाटतो, पण पेट्रोल आणि सीएनजी गाडीत तो मायलेज खातो. मॅनिफोल्डच्या जवळ ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या अलीकडं फट असेल तर गॅसच्या धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं, इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, आणि कोणीतरी सेन्सरच बदलून देतो. नवा सेन्सरही तेच सांगतो, कारण फट तिथंच आहे.

फुस्स, घर्र आणि एकदम भोंगा

चढावर किंवा ओव्हरटेक करताना फुस्स असा हवा सुटल्याचा आवाज, आणि हळू चालवताना काही नाही, तर मधल्या एखाद्या जोडाचं गॅसकेट किंवा नट-बोल्ट पाहा. जोडाभोवती काळी काजळी फुटलेली दिसते. ती काजळी सगळ्यात खरी साक्ष. लवचिक नळी फाटली असेल तर आवाज घर्र असा येतो आणि गाडी झटक्यानं उचलली की वाढतो.

एकाच दिवसात गाडी ट्रॅक्टरसारखी वाजायला लागली, तर पाइप निखळला, वेल्डिंग सुटलं किंवा डब्याला भगदाड पडलं. यात ओळखायचं असं काही नाही, वाकून पाहिलं की दिसतं. ब्रेकरवर खाली घासल्याचा आवाज आला असेल तर नक्कीच.

इको गाडीवाल्यांनी मात्र इथं थांबून वाचा. रात्री घरासमोर लावलेली गाडी सकाळी चालू केली आणि एकदम फाटक्या आवाजात गरजली, तर वाकून सायलेन्सर जागेवर आहे का तेच पाहा. जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, आणि त्यासाठी इकोचे सायलेन्सर चोरल्याच्या घटना गुजरातमध्ये आणि आपल्या महाराष्ट्रातही घडल्या आहेत. काही ठिकाणी तर चोरांनी जुना रिकामा सायलेन्सर लावून दिला. तेव्हा आवाज फार वाढत नाही, नुसता पोकळ होतो, आणि मालकाला पीयूसीच्या वेळी कळतं.

रोज थोडा थोडा वाढत गेलेला आवाज

हा बदल घरच्याला कळत नाही, पाहुण्याला कळतो. सरळ नळीच्या सायलेन्सरची वूल तापून तापून जळते आणि भोकांतून बाहेर उडत राहते. कधी टेलपाइपमधून पांढरे-राखाडी तंतू निघताना दिसतात. सुरुवातीला भारदस्त वाटणारा आवाज हळूहळू पातळ, टिनाचा डबा वाजवल्यासारखा होतो. डब्याची बाहेरची बाजू पूर्वीपेक्षा जास्त तापते, काही वेळा रंग काळा-निळा पडतो. डबा बोल्टाचा किंवा रिव्हेटचा असेल तर उघडून वूल परत भरता येते. अख्खा वेल्डिंगचा असेल तर बदलावाच लागतो. 

नव्या सायलेन्सरचा आवाज सुरुवातीच्या दिवसांत थोडा बदलतो, जळका वासही येतो. तेल आणि रंग जळतो, वूल बसते. ते चालतं. सहा महिन्यांनी बदलतो तो वेगळा.

एकाच वेगावर गुंगुंग

गाडी ६०-७० वर पळते, आणि केबिनमध्ये असं गुंगुंग सुरू होतं की कानाला दडे बसतात. वेग थोडा वाढवला की बंद, कमी केला की बंद. बाहेरच्या सायलेन्सरची ही सगळ्यात जास्त तक्रार. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर सेकंदाला ८० धक्के देतं, तीन सिलिंडरचं ६०. हे धक्के पाइपच्या आणि केबिनच्या आतल्या हवेच्या तालाशी जुळले की अख्खी गाडी ढोलासारखी घुमते. कंपनीनं तो रेझोनेटरचा छोटा डबा याच्यासाठीच लावलेला असतो. सायलेन्सर बसवणाऱ्यानं तो कापून सरळ पाइप टाकला असेल, तर गुंगुंग पहिल्या दिवसापासून येईल. हा बिघाड म्हणता येणार नाही, तशी बनावटच झाली. रेझोनेटर परत लावला तरच तो जातो.

पण आधी नव्हता आणि आता आला, तर पाइप कुठंतरी बॉडीला टेकलाय. रबरी कडी ताणून लांबली किंवा तुटली की पाइप पाटीला लागतो आणि इंजिनाची थरथर सरळ सीटखाली येते. काम काही रुपयांच्या कडीचं असतं.

खडखड

हलक्या पत्र्यासारखी झर्र-झर्र, ठरावीक रेसवर, तर हीट शील्ड. पाइपच्या वर उष्णता अडवायला लावलेला पत्रा असतो, त्याचे बोल्ट गंजून सुटतात. आवाज भयानक, काम छोटं. पण तो पत्रा "काढून टाकू, आवाज जाईल" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, कारण पुढं येतं.

खड्ड्यात ठक्क असा एकच ठोका, तर टांगणी. आणि खुळखुळ्यासारखी खळखळ, रेस दिली की वाढणारी, तर जाळीच्या आतली चिनीमाती फुटली. गाडी पूर्ण थंड असताना जाळीच्या डब्यावर मुठीनं हलकेच ठोका, आतून खडे हलल्यासारखं वाजेल. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून तापलेली गाडी काढली की गरम जाळीवर एकदम थंड पाणी पडतं, त्यानंही ती तडकू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडून नागपुरात पाणी घुसलं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतर शहरातून जुनी गाडी घेतली असेल तर सायलेन्सरच्या आतली गंज आणि जाळी एकदा तपासून घ्या.

सोडल्यावर फटाके

एक्सलेटर सोडला की मागून पट-पट-पट. पोट्ट्यांना हे आवडतं, काही जण मुद्दाम करून घेतात. आपण करून घेतलं नसेल आणि आपोआप सुरू झालं असेल तर कुठूनतरी बाहेरची हवा पाइपात शिरतेय आणि उरलेलं पेट्रोल तिथं जळतंय. आधी जोड पाहा.

चालू गाडीत मात्र उभ्यानंच फट... फट-फट... फट असा ताल चुकतो आणि गाडी हिसके देते, तेव्हा एखादा सिलिंडर नीट जळत नाही. यात सायलेन्सर निर्दोष आहे, तो फक्त चुगली करतो. प्लग, कॉइल, इंजेक्टर पाहा. सीएनजी गाडी गॅसवर असताना ताल चुकते आणि पेट्रोलवर नीट चालते, तर प्लगची फट आणि सीएनजीचे इंजेक्टर, फिल्टर आधी. गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते, थकलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो, गॅसवर उघडा पडतो. अशी गाडी चालवत राहिलात तर न जळालेलं इंधन जाळीत जाऊन तिथं जळतं. जाळी लालबुंद होते आणि आतून वितळते. प्लगचं काम जाळीवर जातं, आणि जाळी महाग असते.

आवाज कमी झाला तर जास्त लक्ष द्या

बाहेरचा सायलेन्सर लावलेली गाडी अचानक शांत झाली, आणि चढावर दम तोडते, रेस घेत नाही, तर वाट अडलीय. जाळी वितळून किंवा फुटून पुढं अडकली असेल, नाहीतर डब्यातली वूल सरकून नळीच्या तोंडाशी आली असेल. बीएस-६ डिझेल गाडीत काजळीची गाळणी, म्हणजे डीपीएफ, भरली असेल. ही गाळणी शहरात थांबत-थांबत चालवलेल्या गाडीत भरते, मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ सलग चालली की स्वतःला जाळून साफ करते. ती काढून टाकायचा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. काढली की आवाजही बदलतो, धूरही येतो, आणि गाडी नियमात राहत नाही.

आपल्याकडं आणखी एक कारण असतं. गाडी रिव्हर्स घेताना टेलपाइप धुऱ्याच्या काळ्या मातीत घुसतो आणि गच्च भरतो. किंवा महिनाभर उभ्या गाडीच्या पाइपात कुंभारीण माशी मातीचं घर करते. मिस्त्रीकडे नेण्याआधी पाइपात टॉर्च मारून पाहा, एवढंच.

डिझेल गाडीत शिट्टी किंवा सायरनसारखा आवाज वाढत चालला, सोबत काळा धूर आणि ताकद कमी, तर टर्बोच्या होजपाइपपासून सुरू करा. होज फाटला असेल तर थोडक्यात भागतं. टर्बोच खराब असेल तर गाडी दामटू नका.

डोकं दुखतंय? काच खाली करा

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचे बाकी बिघाड खिसा कापतात, हा जीव घेऊ शकतो. सायलेन्सरच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. सीएनजी स्वच्छ असते म्हणून तिच्यात हा गॅस नसतो, असं समजू नका. तिच्यातही तयार होतो.

इंजिनाजवळ किंवा सीटखाली लीक असेल आणि खालच्या पत्र्याला गंजून भोक असेल, किंवा डिक्कीचं रबर गेलं असेल, तर तो आत येतो. बाहेरचा सायलेन्सर लावताना टेलपाइप आखूड ठेवला आणि तो गाडीच्या खालीच संपला, तरी येतो. डिक्की अर्धी उघडी ठेवून सामान आणतो आपण, दोरीनं बांधून. पळत्या गाडीच्या मागं हवेचा भोवरा तयार होतो आणि धूर उघड्या डिक्कीतून आत ओढला जातो.

खूण अशी : गाडीत बसलं की डोकं जड, चक्कर, मळमळ, झोप आल्यासारखं, आणि उतरून थोड्या वेळानं बरं वाटतं. एकाला नव्हे, गाडीतल्या दोघा-तिघांना. घरच्या बाईला "तुला गाडी लागते" म्हणून सोडून देतात, पण आधी लागत नव्हती आणि सायलेन्सर बदलल्यावर लागायला लागली, तर कारण गाडीत आहे. उमरेड-भिवापूरकडून पेशंट घेऊन रात्री मेडिकलला यायचं, थंडीचे दिवस, सगळ्या काचा बंद, मागं आजारी माणूस आडवा. अशा वेळी हे कळतही नाही. मेडिकलसमोर नातेवाईक गाडीत इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपतात. लीक असलेल्या गाडीत असं झोपणं म्हणजे धोकाच.

त्रास जाणवला तर गाडी थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. कोणी ग्लानीत असेल, उलट्या होत असतील, तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरला गाडीतल्या धुराचं आवर्जून सांगा. नुसती चक्कर आली म्हणून सांगितलं तर त्यांना ते सुचेलच असं नाही.

कुटार, तणीस आणि तापलेली जाळी

चालून आलेल्या गाडीत जाळी आतून ४०० अंशांच्या वर तापलेली असते, आणि सिलिंडर चुकत असेल तर त्याच्या दुपटीच्याही वर जाते. अशी गाडी सोयाबीनच्या कुटारावर, धानाच्या तणसावर किंवा वाळल्या गवतावर लावली की खालून पेट घेऊ शकते. हीट शील्ड काढून टाकलेल्या गाडीत धोका आणखी जास्त. ऑक्टोबर ते मे, वावरात गाडी नेली तर मोकळ्या मातीवर लावा. रात्री गाडीखाली लाल उजेड दिसला तर इंजिन बंद करा आणि त्या जागेवरून कुटार बाजूला करा.

घरी तपासायचं कसं

पहिलं हत्यार तुमच्या हातातला मोबाइल. गाडी ठीक असतानाच आवाज रेकॉर्ड करून ठेवा. टेलपाइपपासून दोन पावलांवर, एकदा थंड गाडीचा, एकदा गरम गाडीचा, आणि एकदा बोनेट उघडून पुढून. दर महिन्याला त्याच जागी उभं राहून परत करा. कान सवयीनं फसतो, रेकॉर्डिंग फसत नाही. आवाज बदलला की दोन्ही ऐकवता येतात, मिस्त्रीला सांगताना "कसंतरी वाजते" म्हणावं लागत नाही.

लीक शोधायला गाडी थंड असताना, मोकळ्या जागी चालू करा. एकानं जाड ओलं पोतं हातमोजे घालून टेलपाइपच्या तोंडाशी चार-पाच सेकंद दाबायचं, दुसऱ्यानं बाजूनं वाकून ऐकायचं. जिथं फट असेल तिथून फुस्स येईल. पोतं जोरानं मागं ढकललं गेलं आणि इंजिन गुदमरलं, तर लाइन बंदिस्त आहे. जोडांवर साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे जागा दाखवतात, टायरच्या पंक्चरसारखे. बारीक आवाज कुठून येतो ते कळत नसेल तर पाण्याच्या पाइपाचा मीटरभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी, दुसरं जोडाजवळ फिरवा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली चालू इंजिनात कधीही शिरू नका. हात फक्त थंड पाइपाला लावा.

मिस्त्रीकडे गेल्यावर

जुना गॅसकेट परत लावू देऊ नका. पाइपाला वेल्डिंग मारणार असतील तर आधी बॅटरीचा टर्मिनल काढायला सांगा, कॉम्प्युटर जळू शकतो. टिनावर एम-सील किंवा पट्टी गुंडाळून दिली तर ती चार दिवसांची सोय, तेवढ्याच भावात घ्या. "अख्खी लाइन बदलावी लागेल" असं कोणी म्हटलं तर लीकची जागा डोळ्यानं दाखवायला सांगा. बऱ्याच वेळा काम एका गॅसकेटवर, दोन बोल्टांवर भागतं.

पीयूसीला जाण्याआधी लीक काढून घ्या. फटीतून हवा मिसळली की मशीनवरचा आकडा खरा येत नाही. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचं प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, त्याआधीच्यांचं सहा महिने.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२० प्रमाणं आवाज कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक गाडीला लागतोच. नव्या कारसाठी कंपनीला ७४ डेसिबलच्या आत राहावं लागतं, १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला ८०. हे माप साडेसात मीटरवरून, ठरलेल्या पद्धतीनं घेतात, त्यामुळे मोबाइलच्या ॲपमधला आकडा दाखवून पोलिसांशी भांडण्यात अर्थ नाही. गाडीच्या मूळ बनावटीविरुद्ध बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराचा नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद होऊ शकतं. नागपुरात जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोलर फिरवलेला तुम्ही पाहिला असेल. त्यात बुलेटचेच जास्त होते, पण कारला वेगळा कायदा नाही.

जुनी गाडी घेताना बाहेरचा सायलेन्सर दिसला, तर मालकाला कंपनीचा जुना कुठं ठेवलाय ते विचारा. तो डिक्कीत टाकून देत असेल तर भाव न करता घ्या. आतली जाळी शाबूत असेल तर नव्याच्या मानानं तो फार स्वस्तात पडतो.